हस्तलिखित आणि पुस्तक यांच्यामधलं काम

मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी 'पाडस' वाचलं आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग'चा हा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लॉरिडाच्या झाडोऱ्यात राहणारं एक कुटुंब, त्यातला मुलगा ज्योडी आणि त्याने जीव लावलेलं हरणाचं पिल्लू. या पुस्तकाच्या दोन्ही टोकांना एकेक संपादक उभा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. रॉलिंग्ज आपल्या संपादकाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर प्रकाशनातल्या मॅक्सवेल पर्किन्सना, पत्रं लिहीत. त्या पत्रांत झाडोऱ्यातली माणसं, शिकार, नदी हे सगळं येई. लेखिकेच्या डोक्यात तेव्हा वेगळ्याच कादंबऱ्या होत्या. पर्किन्सना मात्र पुस्तक दिसलं ते या पत्रांत, आणि एका मुलाच्या नजरेतून हा प्रदेश लिहा, असं त्यांनी १९३३ मध्ये सुचवलं. कादंबरी १९३८ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. ती मराठीत आणणारे पटवर्धन 'सत्यकथा'चे संपादक होते. गिरगावातल्या खटाववाडीत बसून त्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात घालवली.

लेखक लिहितो आणि प्रकाशक छापतो, एवढंच चित्र वाचकाच्या मनात असतं. मधलं काम त्याला दिसत नाही, कारण नीट झालेलं संपादन दिसूच नये अशी त्याची रीत आहे. अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांत मात्र ते दिसत नाही, कारण ते झालेलंच नसतं. मजकूर लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर टाइप होतो, डीटीपी करणाऱ्याकडे जातो, तो पानं लावून देतो, मुखपृष्ठ होतं, आयएसबीएन मिळतो आणि थोड्याच दिवसांत प्रती हातात येतात. किंडलवर तर कागदही लागत नाही. छपाई इतकी आवाक्यात आली याचा मला मनापासून आनंद आहे. गडहिंग्लजच्या शिक्षिकेला किंवा परभणीच्या शेतकऱ्याला आता पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, ही मोठीच गोष्ट आहे. पण छापणं सोपं झालं म्हणून लिहिणं सोपं झालेलं नाही. लिहिण्यातल्या काही अडचणी अशा आहेत की त्या लेखकाला एकट्याने सुटत नाहीत, मग तो कितीही प्रतिभावान असो.

कारण साधं आहे. लेखक आपलं लेखन वाचतो तेव्हा तो कागदावरचं कमी आणि मनातलं जास्त वाचत असतो. आजीचं घर त्याने पाहिलेलं असतं, त्यामुळे 'माजघर' एवढा एक शब्द लिहिला तरी त्याच्यापुरतं अख्खं घर उभं राहतं. वाचकासाठी तिथे काहीच नसतं. स्कॉट फिट्झजेराल्डने 'द ग्रेट गॅट्सबी'चं हस्तलिखित १९२४च्या अखेरीस पर्किन्सकडे पाठवलं. पर्किन्स त्यावर खूश होते. तरी त्यांनी लिहिलं की गॅट्सबी हा माणूसच धूसर राहिला आहे, तो डोळ्यांपुढे येत नाही, आणि त्याच्याकडे एवढा पैसा आला कुठून हेही कळत नाही. फिट्झजेराल्डचं उत्तर प्रामाणिक होतं: गॅट्सबी कसा दिसतो, काय करतो हे आपल्यालाच नीट ठाऊक नव्हतं आणि ते तुम्हाला जाणवलं. मग त्याने गॅली प्रुफांवर कादंबरीचा बराच भाग नव्याने लिहिला. पर्किन्सचं ते पत्र वाक्यांच्या दुरुस्तीचं नव्हतं, शंकांचं आणि सूचनांचं होतं. पुस्तकातली धूसरता लेखकाच्या विचारातूनच आलेली असते, आणि ती बाहेरच्या माणसाने दाखवल्याशिवाय लेखकाच्या लक्षात येत नाही.

हार्पर लीचं उदाहरण याहून मोठं आहे. तिने लिपिनकॉट या प्रकाशनाकडे दिलेलं हस्तलिखित म्हणजे 'टू किल अ मॉकिंगबर्ड' नव्हतं. मोठी झालेली नायिका गावी परतते अशी ती कथा होती. टे होहॉफ या संपादिकेबरोबर लीने ती पुन्हा पुन्हा लिहिली आणि लहान मुलीच्या तोंडची कादंबरी १९६० मध्ये बाहेर आली. तो पहिला मजकूर २०१५ मध्ये 'गो सेट अ वॉचमन' या नावाने छापला गेला. ज्यांना संपादनाने काय होतं हे पाहायचं आहे त्यांनी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

आपल्याकडे या सगळ्या कामाला सरसकट 'प्रुफं तपासणं' म्हणतात. होतकरू लेखक हस्तलिखित पुढे करून म्हणतो, "जरा शुद्धलेखन बघून द्या." गैरसमजाची सुरुवात इथेच होते. मुद्रितशोधन ही शेवटची पायरी आहे. त्याआधी भाषेचं संपादन असतं. वाक्यं अडखळतात का, एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे का, 'परंतु', 'मात्र', 'खरं तर' यांचा पाऊस पडला आहे का, हे सगळं त्यात येतं. आणि त्याच्याही आधी संहितेचं संपादन. पुस्तक सुरू कुठे व्हायला हवं, कुठलं प्रकरण काढलं तरी चालेल, कुठे लेखक घाईने निसटला आहे, हे त्यात ठरतं. क्रम महत्त्वाचा आहे. जे प्रकरण उद्या गळणार आहे त्यातल्या वेलांट्या आज तपासण्यात दोघांचाही वेळ वाया जातो. खिळ्यांच्या काळात हा क्रम आपोआप पाळला जाई. जुळाऱ्याने खिळे जुळवल्यावर एक परिच्छेद बदलायचा म्हणजे मेहनत आणि पैसा, म्हणून संहिता शक्य तितकी पक्की करूनच छापखान्यात जाई. तरीही राहिलेल्या चुकांसाठी पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडत. संगणकावर बदल फुकट झाला, आणि त्याचा परिणाम असा की अर्धी कच्ची संहिता पानं लावायला जाते आणि लावलेल्या पानांवर लेखक पुस्तक लिहीत बसतो. पानं हलतात, टिपांचे आकडे चुकतात, एक चूक काढताना दोन नव्या शिरतात.

कादंबरीत संपादक काय पाहतो, याची कल्पना नसलेल्यांसाठी थोडं तपशिलात सांगायला हवं. तो कालपट मांडतो. नायिकेचं लग्न दुष्काळाच्या साली झालं असेल आणि मुलगा आणीबाणीत कॉलेजात असेल, तर वयं जुळतात का? श्रावणात सुरू झालेला प्रसंग दोन पानांनी आंब्याच्या मोहरापाशी कसा पोचला? नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बायको भांडणाशिवाय, कारणाशिवाय 'तू'वर कशी आली? यातलं काहीही शुद्धलेखनाच्या तपासणीत सापडत नाही. वाचकाला मात्र ते जाणवतं. चूक नेमकी सांगता आली नाही तरी त्याचा पुस्तकावरचा विश्वास उडतो.

बोलीचा प्रश्न तर मराठीत फार नाजूक आहे. चांगला संपादक 'व्हतं'चं 'होतं' करत नाही. पण एका पानावर 'न्हाई' म्हणणारी म्हातारी पुढच्या पानावर 'नाय' म्हणू लागली, तर तो थांबतो आणि लेखकाला विचारतो: ही बाई नेमकी कुठली? साताऱ्याकडची की कोकणातली? लेखकाने वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलेले आवाज एकाच तोंडात घातलेले असतात, आणि प्रश्न आल्यावर त्याचा त्यालाच उलगडा होतो. ग्रंथालीने १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं 'उपरा' काढलं. त्यानंतर दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांची आत्मकथनं येऊ लागली, तेव्हा मराठी संपादकांपुढे अशी भाषा आली जिच्यासाठी त्यांच्याकडे नियमपुस्तक नव्हतं. ती भाषा 'स्वच्छ' करणं म्हणजे त्या जगण्याची साक्षच पुसणं झालं असतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं मोल त्यांच्या बोलण्याच्या ओघात आहे. त्यांचा नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती तयार केली, तेव्हा माणसं, गावं, संदर्भ यांची उकल केली आणि आजीचा आवाज जिथल्या तिथे राहू दिला. संपादन किती करायचं याइतकंच ते कुठे थांबवायचं, हेही कळावं लागतं.

ही जाण आपल्या परंपरेत जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध करून घेतली. त्या कामाच्या शेवटी त्यांनी बजावलं की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. हे काम आजच्या पुस्तक-संपादनापेक्षा वेगळं, पाठशुद्धीचं होतं. पण स्वतः एवढा मोठा कवी असूनही दुसऱ्याच्या ग्रंथात आपली भर न घालण्याचा तो संयम प्रत्येक संपादकाने शिकावा असा आहे.

कथा-कादंबरीपेक्षा माहितीपर पुस्तकांना संपादकाची गरज जास्त आहे, आणि नेमकी तिथेच ती सर्वांत कमी भागते. इतिहासाचंच बघा. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण एक जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी याच काळातली. म्हणून तिचं वर्ष १६३० येतं, १६२९ नव्हे. हा फरक विसरलेला लेखक पुस्तकभर पौष, माघ आणि फाल्गुनातल्या घटना एक वर्ष मागे नेऊन ठेवतो. मग कोणीतरी त्या पुस्तकाचा हवाला देतो, आणखी कोणी त्या हवाल्याचा, आणि चूक पिढ्यान्पिढ्या फिरत राहते. उताऱ्यांचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाबरहुकूम छापावं, असं हे नियम सांगतात. तरीही जुन्या पत्रांतले उतारे आजच्या लेखनपद्धतीत 'दुरुस्त' केलेले सर्रास दिसतात, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते निकामी होतात. चरित्रांना सूची नसते, छायाचित्रांखालच्या ओळींत माणसं डावी-उजवी बदललेली असतात, एकाच गावाचं नाव दोन प्रकारे येतं. एवढ्या कष्टाने जमवलेली सामग्री अशी वाया जाताना पाहून वाईट वाटतं.

अनुवादांबद्दल थोडक्यात. मराठी पुस्तकांच्या दुकानात अनुवादांचं मोठं कपाट असतं. मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून पाहणारा माणूस त्यांतल्या प्रत्येकाला मिळाला असेल, असं ती वाचताना वाटत नाही. गळलेला परिच्छेद एकट्या मराठी वाचकाला कधीच कळणार नाही. तो राखण्याची जबाबदारी फक्त संपादकाची.

मग हे काम पूर्वी कोण करत होतं? याचं उत्तर मराठीत मुख्यतः नियतकालिकं असं आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने येत. का. र. मित्रांचं 'मनोरंजन', पु. आ. चित्र्यांचं बडोद्याहून निघणारं 'अभिरुची', अनंत अंतरकरांचं 'हंस', किर्लोस्करांची मासिकं या सगळ्यांनी लेखक घडवले. पुस्तक होण्याआधी मजकूर एकदा तरी संपादकाच्या नजरेखालून गेलेला असे आणि वाचकांची पत्रंही आलेली असत. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये 'माणूस' सुरू केलं आणि त्यातून अनिल अवचटांसारखा लेखक फिरून, पाहून, ऐकून लिहू लागला. मौजेत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत तेव्हा सोबत सविस्तर पत्र असे. कथा पुन्हा येई, पुन्हा जाई. लेखकाला त्या काळात राग येत असेल, पण त्याचं लेखन कोणीतरी इतक्या गांभीर्याने वाचलं आहे, हे त्याला त्या पत्रातून कळे. पुस्तकाचा हजार प्रतींचा खर्च प्रकाशक उचलत असे, म्हणून ती संहिता आधी नीट वाचून घेणं ही त्याचीही गरज होती.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. 'माणूस'ही गेलं. किर्लोस्करांची मासिकं मंदावत गेली. दिवाळी अंक टिकले, आणि टिकले हे आपलं भाग्य आहे. पण दिवाळी अंकाचा संपादक दोन-तीन महिन्यांत शेकडो पानं उभी करत असतो. त्याला एका कथेवर चार पत्रं लिहायला उसंत कुठून मिळणार? पुढे आवृत्त्या हजारावरून पाचशेवर आल्या, काही ठिकाणी लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तकं काढायची पद्धत रुळली. खर्च लेखक करणार म्हटल्यावर हस्तलिखित नाकारण्याचं किंवा ते सुधारून मागण्याचं प्रकाशकाला कारण उरलं नाही. मौज, राजहंस, पॉप्युलर यांच्यासारख्या संस्थांनी संपादनाची परंपरा जपली. पण दरवर्षी निघणाऱ्या पुस्तकांच्या ढिगापुढे अशा संस्था मूठभर आहेत. संपादकाची गरज होती तेवढीच आहे. पूर्वी ते काम लेखकाला पैसे न मोजता मिळत होतं, आता ते त्याला स्वतः शोधून, मोबदला देऊन करून घ्यावं लागतं. ही बदललेली परिस्थिती बरेच लेखक अजून मान्य करत नाहीत, असं मला वाटतं.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. सर्वांत मोठा आक्षेप हा की संपादक लेखकाचा आवाज आपल्या साच्यात बसवतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकांच्या तरुण लेखक-कवींनी नेमकं हेच म्हटलं. राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि 'सत्यकथा'च्या अंकाची होळी झाली. एका विशिष्ट अभिरुचीचे दरवाजे एका विशिष्ट समाजालाच उघडतात, हा त्यांचा राग खोटा नव्हता. त्या रागातून मराठीला नवे लेखक, नवी भाषा मिळाली. पण त्या भांडणाचा अर्थ पुढे काहींनी सोयीने लावला की संपादन म्हणजेच दडपशाही. मला ते पटत नाही. लघुनियतकालिकं काढणारेही काय छापायचं आणि काय नाही हे निवडतच होते, म्हणजे संपादनच करत होते. ढाल्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मागितली होती ती दुसरी नजर, दुसऱ्या अनुभवातून आलेला संपादक. त्या मागणीचं उत्तर वेगवेगळ्या समाजांतून, जिल्ह्यांतून, बोलींतून संपादक तयार करणं हे आहे. ते उत्तर आपण अजूनही पुरेसं दिलेलं नाही.

संपादकाने मर्यादा ओलांडल्याचं उदाहरण हवं असेल तर रेमंड कार्व्हरचं घ्यावं. त्याच्या १९८१च्या कथासंग्रहाचा मजकूर गॉर्डन लिश या संपादकाने कापून निम्म्याहून कमी केला. कार्व्हरने आदल्या वर्षी कळवळून पत्र लिहिलं होतं, की हे छापणं थांबवा. पुस्तक तसंच आलं, गाजलं, आणि कार्व्हरची ओळखच त्या तुटक शैलीने झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर २००९ मध्ये मूळ कथा 'बिगिनर्स' नावाने प्रसिद्ध झाल्या. लिशच्या कापणीने कथा जास्त धारदार झाल्या असं मानणारे वाचक आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तरी माझ्या मते तिथे अन्याय झाला, कारण लेखकाचा नकार डावलला गेला. आपल्या कॉपीराइट कायद्याचं, म्हणजे १९५७च्या अधिनियमाचं, कलम ५७ याबाबतीत स्पष्ट आहे. हक्क दुसऱ्याला दिले तरी आपल्या कृतीची विकृती होऊन प्रतिष्ठेला बाध येत असेल तर लेखक तिला हरकत घेऊ शकतो. संपादकाने सुचवायचं, लेखकाने ठरवायचं. हे करारातच लिहून घ्यावं. संपादकाला घाबरून संपादनच टाळण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता यंत्र आहे, माणूस कशाला? मराठीची शुद्धलेखन तपासणारी साधनं उपयोगी आहेत, ती वापरावीत. पण 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' हे सगळेच शब्द बरोबर आहेत. यांतला कुठला हवा हे वाक्याचा अर्थ कळणारा सांगणार. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या जागा सोडतात, रफार भलत्या अक्षरावर बसतात, 'ऱ्या'ची मोडतोड होते. हे ज्यांनी एकदा निस्तरलं आहे त्यांना माणसाच्या डोळ्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. आणि आता आलेली लिहून देणारी साधनं मजकूर गुळगुळीत करून देतात, पण वऱ्हाडच्या आणि मालवणच्या माणसाला एकाच सुरात बोलायला लावतात. सुरात खोट कुठे आहे हे ओळखायला ती भाषा कानावर पडलेली असावी लागते. यास्मिन शेख यांनी 'अंतर्नाद' मासिकाचं व्याकरण सांभाळलं, अरुण फडके यांनी लेखनकोश तयार करून गावोगावी शुद्धलेखनाचे वर्ग घेतले. नियमामागचं कारण समजावून सांगणारी अशी माणसं ही भाषेची खरी मिळकत आहे.

पैशाचा प्रश्न उरतोच. मुखपृष्ठावर, चकचकीत कागदावर, प्रकाशन समारंभावर आणि हारतुऱ्यांवर खर्च करणारा लेखक संपादनाचा विषय निघाला की मित्राकडून वाचून घेतो असं म्हणतो. मित्राचं वाचन मोलाचं असतं. पण मित्राला नातं टिकवायचं असतं, आणि तिसरं प्रकरण कंटाळवाणं आहे हे सांगण्याचं ओझं त्याच्यावर टाकणं बरं नव्हे. बहुतेक संपादक पानामागे किंवा शब्दांमागे मोबदला घेतात. सगळं पुस्तक परवडत नसेल तर निदान संहितेवरचा अभिप्राय घ्यावा आणि त्यानुसार स्वतः पुन्हा लिहावं. मुद्रितशोधन मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नये. प्रकाशकांनीही एक गोष्ट करावी: श्रेयनामावलीत संपादकाचं आणि मुद्रितशोधकाचं नाव छापावं. मुखपृष्ठकाराचं नाव असतं, अक्षरजुळणी करणाऱ्याचं असतं, छापखान्याचा पत्ता असतो, आणि ज्याने सहा महिने ती संहिता मांडीवर घेतली त्याचा उल्लेख नसतो. नाव छापलं की कामाला प्रतिष्ठा येते, चुकीची जबाबदारीही ठरते, आणि मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या मुलामुलींना हा पोटापाण्याचा व्यवसाय वाटू लागतो.

संपादक निवडताना आधी दहा-पंधरा पानं द्यावीत आणि परत आलेली पानं नीट पाहावीत. सगळीकडे फक्त ऱ्हस्व-दीर्घच बदललेलं असेल, तर तो माणूस मुद्रितशोधक आहे आणि त्या कामासाठी उत्तम असू शकतो. प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या शैलीत नव्याने लिहिलेलं असेल, तर नमस्कार करून पानं परत घ्यावीत. समासात प्रश्न असतील, 'हे आधी सांगितलं आहे का?', 'हा मामा पुढे कुठे गेला?', 'ही तारीख कुठून घेतली?', तर त्याच्याकडे पूर्ण हस्तलिखित सोपवावं, पुरेसे महिने द्यावेत, आणि तोवर प्रकाशन समारंभाची तारीख ठरवू नये.